दुसरी ओळ

४ जानेवारी

बारक्या,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्राला उचलायचे कष्ट नसतात, दाराखालून आपलं आपण आत येतं. पत्ता तुझ्या बायकोनं दिला. तिच्यावर डाफरू नकोस. मी तिला इतकी गळ घातली की तिच्या जागी दगड असता तरी त्यानं दिला असता.

मुद्द्याचं सांगते. बाबांचा घसा बसलाय असं आम्ही कितीतरी दिवस म्हणत होतो. मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफ झाली, मफलर झाला. तपासायला चला म्हटलं की "गाणाऱ्याचा घसा बसतोच" असं म्हणून मला गप्प करायचे. शेवटी मीच ओढून नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, आडपडदा ठेवत नाहीत. गाठ आहे, आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. महिनाअखेरीला ऑपरेशन. मग गळ्याला एक भोक राहील आणि त्यातून श्वास घ्यायचा. बोलणं बंद.

बाबांनी त्यांना विचारलं, "गुणगुणता येईल?" त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "शिट्टी?" तीही नाही. घरी आल्यावर चपलाही न काढता म्हणाले, "मागची खोली उघड. ते गाणं पुरं करायचंय."

कुठलं ते तुला सांगायला नको. आईचं. आईनं लिहिलेलं ते एकच, आणि त्याला चाल लावायला बाबांनी इतके दिवस घालवले की आई म्हणायची, याच्यापेक्षा मी नवरा बदलला असता तर लवकर झालं असतं. त्याचा कच्चा आवाज तू गायला होतास. बाबांना अंदाज यावा म्हणून. बाबा पक्कं गाणार, मग तुझा पुसायचा, ही पद्धतच. पण आई गेली आणि ते तसंच राहिलं.

खोली उघडली तर कोंदट वास आला. आवाज अडवायला भिंतीवर लावलेली गादी एका बाजूनं सुटून लोंबतेय. रेकॉर्डिंगच्या मिक्सरवर मी आईच्या चादरीचा तुकडा टाकून ठेवला होता, म्हणून धूळ बसली नाही. चालू केला तर सगळे दिवे लागले. दुसऱ्या चॅनलचा फेडर वरखाली सरकवला की अजून तसाच खरखरतो. खालची चिकटपट्टी पण तशीच आहे, बाबांच्या अक्षरात: कीबोर्ड, गिटार, बारक्या (कच्चा), बाबा. पहिल्या तिन्हींवर आवाज आहे. चौथा कोरा.

तिसरा फेडर मी वर केला. किती कोवळा आवाज होता रे तुझा. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

ये. मी काही मागत नाहीये, समेट-बिमेट तर मुळीच नाही. नुसता येऊन बस, दोन शब्द बोल. तू बोललास तर ते उत्तर देऊ शकतील, अशी ही शेवटची वेळ आहे.

ताई

१२ जानेवारी

बारक्या,

पत्र मिळालं. पत्र कसलं, तार म्हणायची. "माझा आवाज कुठेही वापरायचा नाही. जो असेल तो पुसा. पुसायची त्यांना सवय आहेच." खाली सहीसुद्धा नाही. शाई महाग झालीय का तिकडे?

रागावले होते. कालपर्यंत धुमसत होते. आज लिहितेय तर राग थोडा उतरलाय, पण पूर्ण नाही, हे लक्षात ठेवून वाच.

तुझं चुकलं असं मी त्या वेळीही म्हटलं नव्हतं. ती जाहिरात तू गायलास, जीव ओतून गायलास, आणि बाबांनी तुला न सांगता तुझा आवाज काढून तिथे दुसरा भाड्याचा गायक भरला. तुला ते कळलं न्हाव्याकडे, रेडिओवर, गालाला अर्धा साबण लावलेला असताना. तसाच साबण घेऊन घरी आलास. बाबांनी निदान "चुकलो" म्हणायचं, तर म्हणाले, "तुझ्या आवाजात अजून दम नाही." त्या वाक्यावर तू बॅग भरलीस. मी दारात उभी होते, मला सगळं पाठ आहे. त्यांनी तुला पुसलं, हे खरंच आहे. मला फक्त एवढंच वाटलं होतं की त्यांच्या गळ्यावर सुरी येतेय म्हटल्यावर तू तो हिशेब चार दिवस बाजूला ठेवशील.

नाही ठेवलास. बरं.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. लपवणार होते, पण समोर उभेच राहिले, म्हणाले, "त्याचं आहे ना? वाच." वाचलं. शेवटची ओळ गाळावी असं मनात आलं, पण मला खोटं वाचता येत नाही, अडखळते, आणि त्यांना अडखळणं लगेच कळतं. उभ्यानंच ऐकलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. त्याचा आवाज आहे. पुसू."

मी म्हटलं, "मग गाणार कशावर तुम्ही?" कारण ताल धरायला आता त्यांना आधार लागतो, नुसत्या कीबोर्डवर भरकटतात.

म्हणाले, "एकदा त्याच्यावर गाऊन घेतो. मग पूस. कच्चा आवाज पुसायलाच असतो."

तर तुला हे सांगायचं होतं. तुझं ऐकलं गेलंय. बाबांना एकदा हेडफोनमध्ये तू ऐकू येशील, आणि मग नाही. यावरही काही म्हणणं असलं तर आणखी एक तार कर.

ताई

२० जानेवारी

बारक्या,

तार आली नाही, म्हणून रेकॉर्डिंग केलं.

सगळं पूर्वीसारखं. पंखा बंद, खिडकीला गादी, भिंतीवरचं घड्याळ बाहेर, फ्रिजचा प्लग काढलेला. घराची किल्ली फ्रिजमध्ये, आई ठेवायची तशी, म्हणजे बाहेर पडताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज परत लावायची आठवण होते. आई गेल्यावर मी एकदा हे विसरले तर दूध नासलं आणि बाबांनी मला दुधापेक्षा जास्त फाडलं. किल्लीची ती शिस्त अजून चालू आहे.

पण बाबांची स्वतःची शिस्त कुठे गेली कोण जाणे. आठवतं ना, आपल्याला हेडफोनवरून किती बोलणी बसायची? "घट्ट लाव! दोन्ही कान झाक! आवाज बारीक कर! हेडफोनमधलं माइकमध्ये गळलं तर ते मरेपर्यंत निघत नाही!" तुझ्या डोक्यावर तर त्यांनी वरून मफलर बांधला होता, तू दातदुखीच्या पेशंटसारखा दिसत होतास. आणि काल स्वतः काय केलं? हेडफोन एका कानावर. दुसरा गालावर लोंबतोय, बरोबर माइकच्या तोंडाशी. वर खुणा करतायत, आवाज वाढव. वाढवला. अजून वाढव. मी म्हटलं, "बाबा, गळेल हो!" तर हात उडवला.

मला वाटलं ऐकू कमी येत असेल. वय झालं, आजार आहे, कशाला कटकट करा. पण चिडचिड झालीच. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

आणि गाणं. पहिली ओळ छान म्हणायचे. आवाज फाटलेला, खालच्या पट्टीत, पण काय सांगू तुला, त्यात काहीतरी होतं.

"दार लोटून ठेव, कडी नको..."

इथपर्यंत. आणि दुसरी ओळ सोडून द्यायचे. ओठ मिटलेले, माइकसमोर तसेच उभे. तिसरीला पुन्हा यायचे. चौथी पुन्हा गायब. मी मधल्या काचेपलीकडून, बोलायच्या माइकवरून ओरडतेय, "बाबा, ओळ सुटली!" ते मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. मला वाटलं श्वास पुरत नाही. मग विचारलं, "पुढच्या ओळी वेगळ्या घेऊया का, दम खाऊन?" तर म्हणाले, "नको. असंच राहू दे. मध्ये मोकळं बरं वाटतं."

तुला मी हे का सांगतेय? कारण ते हट्ट करत होते आणि मी त्यांच्यावर ओरडत होते, आणि ती त्यांची गायची शेवटची दुपार होती, आणि मला कोणीतरी म्हणायला हवं की जाऊ दे ताई, तू नेहमी अशीच ओरडतेस, त्यांना सवय आहे. इथे असं म्हणणारं कुणी नाही.

शेवटच्या खेपेला आवाज गेलाच. गाणं संपेपर्यंत टिकला आणि मग नुसती हवा. तोच टेक ठेवला.

मग तुझं काम केलं. तिसरा ट्रॅक निवडला. हे मशीन जुनं, एकदा पुसलं की पुसलं, परत येत नाही. पडद्यावर विचारतं, नक्की का? मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीत हेडफोन मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मान हलवली. मी बटण दाबलं. तिसऱ्यावर आता काही नाही. पट्टीवरचं "बारक्या (कच्चा)" पण नखानं खरवडून काढलं. थोडा डिंक राहिलाय.

आता मनासारखं झालं ना?

ताई

३० जानेवारी

बारक्या,

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, स्वरयंत्रही गेलं. बाबा झोपलेत, गळ्याशी नळ्याच नळ्या. मी बाहेर बाकावर बसून लिहितेय. कागद मांडीवर धरलाय, अक्षर समजून घे.

काल भरती करायला आलो तर लिफ्टमध्ये काय झालं सांगते. दार बंद झालं आणि वरून आवाज आला, "कृपया दारापासून दूर राहा." बाबांचा! मागच्या खोलीतच केलं होतं ते काम, एका लिफ्टवाल्या कंपनीसाठी, तू शाळेत होतास तेव्हा. ठणठणीत, भरदार आवाज. "दुसरा मजला. दार उघडत आहे." लिफ्टमधल्या कुणालाच काही कळलं नाही. एक बाई फोनवर बोलत होती, वॉर्डबॉय जांभई देत होता. बाबा वर त्या जाळीकडे बघत होते. मग माझ्याकडे पाहून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अजून कामाला आहे म्हणायचा." मला हसू आलं आणि मग रडू आवरेना. त्यांनीच माझ्या पाठीवर थोपटलं. पेशंट कोण होतं देव जाणे.

रात्री तू फोन करशील असं मला वाटत होतं. बायकोला तारीख कळवली होती मी, म्हणजे तुला माहीत होती. बाबांनी स्वतःहून विचारलं नाही. पण माझा फोन वाजला की मान उचलायचे. एकदा विजेच्या बिलाचा, एकदा कुणाचा तरी चुकून. नर्स दिवे बंद करायला आली तेव्हा मी फोन त्यांच्या उशाशी ठेवला.

तू त्यांचं शेवटचं बोलणं विचारशील, कधीतरी, अजून दहा वर्षांनी का होईना. म्हणून लिहून ठेवते. सकाळी त्यांना न्यायला आले. स्ट्रेचर दारातून वळलं आणि त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं तुझ्याबद्दल काही सांगतात, किंवा आईबद्दल. मी कान तोंडाशी नेला. म्हणाले, "फ्रिज लावलास का परत?"

मी म्हटलं, "हो हो, लावलाय, तुम्ही आता ते डोक्यातून काढा." वैतागून म्हटलं रे. सवयीनं. आणि दार बंद झालं.

ताई

१६ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र नीट बसून वाच. घाईत नको.

बाबा घरी आलेत. बारीक झालेत, पण चालतात-फिरतात. गळ्याला जाळीचा रुमाल असतो. लिहून बोलायला पाटी आणून दिली, तिला हात लावत नाहीत. मिक्सरची चिकटपट्टी घेऊन बसतात, तिच्यावर लिहितात आणि जिथे लागेल तिथे डकवतात. पंख्याच्या बटणावर "कमी". पातेल्यावर "मीठ विसरलीस". परवा मी जरा लवंडले होते तर माझ्या हातावर चिकटवलं, "किती घोरतेस." घर सगळं पट्ट्यांनी भरलंय. डॉक्टरीणबाई पुढचं फारसं चांगलं सांगत नाहीत. गाठ मानेतही उतरलीय म्हणतात. बाबांना माहीत आहे. त्यावर त्यांनी पट्टी लिहिली नाही.

काल दुपारी ते झोपले होते म्हणून मी गाणं मिक्स करायला बसले. ठरवलं होतं की त्या सुटलेल्या ओळींच्या जागी कीबोर्ड थोडा वर उचलायचा, म्हणजे भोकं दिसणार नाहीत. आधी बाबांचा आवाज साफ करावा म्हणून चौथा चॅनल सोलो केला. बाकी सगळं बंद, एकटे बाबा. हेडफोन घट्ट लावले.

"दार लोटून ठेव, कडी नको..."

मग ते थांबतात. आणि त्या मोकळ्या जागेत, लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा, तू.

"...कुणी उशिरा येईल घरी."

मी हेडफोन काढून फेकले. खरंच फेकले, डाव्या बाजूची वायर सुटलीय. मग पुन्हा लावले. आवाज वाढवला. प्रत्येक दुसऱ्या ओळीला तूच. बाबा गातात तिथे तू त्यांच्या आवाजाखाली आहेस, कळत नाहीस. ते गप्प होतात तिथे तू वर येतोस. अख्खं गाणं असंच. एका ठिकाणी तुझ्याही मागे मी आहे, "बाबा, ओळ सुटली!" काचेपलीकडची, त्याच हेडफोनमधून गळलेली. बाबांच्या एका ट्रॅकमध्ये आपण तिघं, आणि शब्द आईचे.

मी तिथेच बसून हमसाहमशी रडले. हेडफोन घट्ट लावायला शिकवणारा माणूस तो. ज्यानं तुझ्या डोक्याला मफलर बांधला, त्यानं स्वतःचा हेडफोन माइकशी लोंबवला, आवाज वाढवून घेतला आणि एकाआड एक ओळ तुझ्यासाठी सोडून दिली. आपल्या शेवटच्या गाण्यातल्या निम्म्या ओळी. आणि तुझं पत्र मान्य करून, माझ्यासमोर बसून, तुझा ट्रॅकही पुसायला लावला.

मागे चाहूल लागली. बाबा दारात उभे. मी विचारलं, "मुद्दाम केलंत?" ते फेडरकडे बघत होते. "बाबा, मी विचारतेय, मुद्दाम केलंत ना?" ते आत आले, खिशातून पट्टी काढली, पेन्सिलीनं लिहिलं, फाडली, आणि चौथ्या फेडरखाली त्यांच्या नावाच्या खाली लावली. अंगठ्यानं दाबून नीट बसवली. "बारक्या (पक्का)."

मग खुर्ची ओढली, माझ्याकडून हेडफोन घेतले, एक कान गेलेला असला तरी घातले, आणि खूण केली, लाव. तेव्हापासून पुन्हा पुन्हा तेच ऐकतायत. त्यांचा आवाज असतो तिथे डोळे मिटून असतात. तुझी ओळ आली की उघडतात.

आता मला सांग, मी काय करू? तू म्हणाला होतास, माझा आवाज कुठेही ठेवायचा नाही. मी शब्द पाळला होता, आणि आता बघते तर तो मोडलेला आहे. तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून लिहिलं. पण तुला काढायचं तर बाबांना पुसावं लागेल, दुसरा मार्ग नाही, गळलेलं निघत नाही. बाबांचा गाता आवाज जगात आता तेवढाच उरलाय. माझा हात त्या बटणाकडे जाणार नाही. तुझ्या पाया पडते, मला ते करायला सांगू नकोस.

पुसायचंच असेल तर तू ये आणि तुझ्या हातानं पूस. त्यांच्यासमोर. ते अडवणार नाहीत, मी त्यांना ओळखते, मान हलवतील.

ये, म्हणजे फक्त ये. ते भांडणार नाहीत, त्यांना आता भांडता येत नाही. दम नाही वगैरे काही बोलणार नाहीत. तू वाटेल ते बोल, इतक्या वर्षांचं सगळं ओक त्यांच्यावर, ते ऐकून घेतील. ऐकू अगदी चांगलं येतं त्यांना. मी उगीच समजत होते की कान गेले.

काल झोपताना मी पुढच्या दाराची कडी लावायला गेले तर कडीवर पट्टी चिकटवलेली होती. "नको." मी काढून टाकली, चोराचिलटांची भीती असते. सकाळी पाहिलं तर पुन्हा लावलेली होती. आज मी कडी लावलेली नाही.

ताई